साठीनंतर क्रोशे शिकताय? आधी काय, मग काय

शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी पहिल्या दिवशी पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढतात. आत आईची किंवा सासूबाईंची बारीक स्टीलची सुई, पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा आणि अर्धवट राहिलेला रुमाल. ‘यावरच हात बसवते,’ म्हणतात आणि दोन आठवड्यांत सोडून देतात. टाका दिसत नाही, अंगठा दुखतो, मान अवघडते. मग ‘आता या वयात जमायचं नाही’ असं ठरवून टाकतात.

मला ते मान्य नाही. त्या डब्यातली सुई दीड मिलिमीटरची असते. विशीतल्या मुलीलाही पहिल्या दिवशी तिच्यावर शिकवू नये. डबा जपून ठेवा, त्याची पाळी शेवटी येणार आहे. तोवर खालचा क्रम पाळा. कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर बुधवारी शिकवता शिकवता तो पक्का झाला आहे.

## १. डोळे, उजेड, खुर्ची

सुई-लोकर घेण्याआधी चष्म्याकडे बघा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं बघायचा भाग काचेच्या खालच्या टोकाला असतो, त्यामुळे विणताना हनुवटी वर उचलावी लागते आणि अर्ध्या तासात मान धरते. शक्य असेल तर हातकामासाठी फक्त जवळचा, एकाच नंबरचा साधा चष्मा करून घ्या. नंबर काढताना पुस्तक धरल्यासारखे हात धरू नका. विणायला बसतो तसं बसून, हात पोटासमोर धरून दाखवा आणि ‘इतक्या अंतरावर बघायचंय’ असं सांगा. अंतर बदललं की नंबरही थोडा बदलतो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांनी जवळचा नंबर पक्का करून देईपर्यंत थांबा. जुन्या चष्म्यावर रेटू नका.

उजेड हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. दिवाणखान्यातली छतावरची ट्यूब मागून येते आणि आपल्याच डोक्याची सावली कामावर पडते. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी उजेड डाव्या खांद्याकडून येईल असं बसावं, डावखुऱ्यांनी उलट. सकाळी खिडकीशेजारी बसणं उत्तम. संध्याकाळी वाकवता येणारा टेबललॅम्प घ्या आणि पांढऱ्या उजेडाचा दिवा लावा. पिवळ्या उजेडात क्रीम आणि फिकट पिवळा रंग एकच दिसतो.

सोफ्यात रुतून विणू नका. पाठीला टेकू देणारी खुर्ची, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर उशी आणि उशीवर हात. उशी असली की हातांचं ओझं खांद्यांवर येत नाही.

तपासा: ठरवलेल्या जागी बसून वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती पाच मिनिटं वाचा. भुवया आक्रसल्या किंवा कागद लांब धरावा लागला, तर चष्मा किंवा दिवा बदलायचा आहे.

## २. हात

सुई दोन पद्धतींनी धरतात. एक पेन्सिलीसारखी, दुसरी भाजी चिरताना सुरी धरतो तशी, वरून मुठीत. पेन्सिलीच्या पकडीत अंगठ्याच्या मुळावर जोर येतो. तिथे संधिवात असेल, बरणीचं झाकण उघडताना कळ येत असेल, तर सुरीची पकड शिका. एखादी शेजारीण म्हणेल, ‘अशी नाही धरत हो!’ म्हणू दे. दोन्ही पकडी बरोबरच आहेत.

सुईची दांडी जितकी जाड तितकं बोटांना कमी आवळावं लागतं. रबरी मुठीच्या सुया मिळतात. नाही मिळाली तर साध्या ॲल्युमिनियमच्या सुईवर फोमचा तुकडा गुंडाळून वर कापडी चिकटपट्टी लावा. आमच्याकडचे एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, बोटं सकाळी आखडतात म्हणून येईनात. त्यांच्या सुईला अंगठ्याएवढी जाड मूठ केली आणि सकाळऐवजी दुपारी चारला बसायला सांगितलं. पुढच्या बुधवारी येऊन म्हणाले, ‘ताई, वीतभर झालं!’ आणि खिशातून साखळी काढून टेबलावर ठेवली.

डाव्या हातात लोकर करंगळीला दोन-तीन वेढे देऊन धरायला बरेच जण शिकवतात. सुजऱ्या बोटांना ते काचतं. तर्जनीवरून घेऊन मधल्या बोटांखालून सोडलीत तरी चालतं. लोकर हळू सरकत राहिली पाहिजे, एवढंच बघायचं.

सुरुवातीला एका बैठकीत वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. घड्याळाचा गजर लावा. ‘एवढी ओळ संपवते’ म्हणता म्हणता तास जातो आणि दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. गजर झाला की मुठी उघडा-मिटा, खांदे फिरवा, खिडकीबाहेर लांबवर बघा.

सावध: अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल किंवा बोट वाकून अडकत असेल, तर विणणं थांबवून डॉक्टरांना हात दाखवा. मधुमेह असणाऱ्यांना हे त्रास जास्त होतात. त्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली असेल तर टोकदार स्टीलची सुई टोचलेली कळतही नाही, म्हणून त्यांनी गुळगुळीत, जाड टोकाचीच सुई वापरावी.

## ३. खरेदी

यादी छोटी आहे.

- ५ मिलिमीटरची एक सुई. साखळीसाठी ६ मिलिमीटरची आणखी एक.
- मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिकट एकरंगी लोकर, १०० ग्रॅमचे दोन गुंडे.
- बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई.
- कात्री, मोजपट्टी, दहा-बारा सेफ्टी पिना, वही.

रंगाबद्दल ऐका. काळा, गडद निळा, मरून नको, त्यात टाका दिसत नाही. रंग बदलत जाणारी लोकर दुकानात मोहात पाडते, पण तिच्यात एक टाका कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे नवशिक्याला कळत नाही. केसाळ, मखमली लोकर तर अजिबात नको, ती उसवताना गुंतते आणि पहिल्या महिन्यात आपल्याला सतत उसवायचं आहे. पिस्ता, आकाशी, फिकट गुलाबी यांपैकी एक घ्या.

वर्धमान, गंगा, ओसवाल यांच्या साध्या ॲक्रिलिक लोकरी शिकायला पुरेशा आहेत. फक्त एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या उकाड्यात घामेजल्या तळव्यांना ॲक्रिलिक अडखळतं, लोकर सुईवर सरकत नाही. तेव्हा जाडसर सुती दोरा बरा. पावसाळ्यात स्टीलच्या सुया कोरड्या डब्यात ठेवा, नाहीतर गंज धरतात.

खरेदीला तुळशीबाग किंवा रविवार पेठ. गाडी काढू नका. २०२४ च्या सप्टेंबरपासून मेट्रो मंडईपर्यंत जाते आणि तिथून तुळशीबाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. सकाळी अकराच्या सुमारास जा, पेठांतली बरीच दुकानं दुपारी बंद असतात. गणपती आणि दिवाळीच्या आधीचे आठवडे टाळा, त्या गर्दीत लोकर उजेडात नेऊन बघता येत नाही. आणि बघायची असते ती उजेडातच, दुकानाच्या पायरीवर येऊन. दुकानदाराला सुईचा ‘नंबर’ सांगू नका, मिलिमीटर सांगा. कंपनीगणिक नंबर बदलतात.

मोठं काम करायचं असेल तेव्हा सगळे गुंडे एकदम घ्या आणि पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे का ते बघा. माझ्या पहिल्या शालीला दोन गुंडे कमी पडले. महिन्याने तोच रंग, त्याच दुकानातून आणला, पण लॉट वेगळा. दुकानात फरक दिसला नव्हता, शाल उन्हात वाळत घातली तेव्हा बरोबर अर्ध्यावर रेघ ओढल्यासारखा दिसला.

लोकर लडीत मिळाली तर आधी गुंडा करा. खुर्चीच्या पाठीवर लड अडकवा, किंवा घरातल्या कुणाला तरी दोन्ही हात पुढे करून बसवा. गुंडा सैल गुंडाळा, आवळून गुंडाळला तर लोकर ताणली जाते. विणताना गुंडा पायाशी असलेल्या खोलगट पातेल्यात ठेवा. फरशीवर घरंगळलेल्या गुंड्याच्या धाग्यात पाय अडकून पडण्याची भीती आपल्या वयात खरी आहे.

## ४. पहिले तीन दिवस फक्त साखळी

सरकती गाठ मारून लूप सुईवर घ्या. लोकरीचा वेढा सुईवर घ्या, आकड्यात पकडून लूपमधून ओढा. ही एक साखळी. तीन दिवस एवढंच.

कंटाळवाणं वाटेल, पण लोकर हातातून सरकायला इथेच शिकते. जवळजवळ सगळ्यांच्या साखळ्या आधी कडक होतात. कारण सुईचा आकार नीट बघितला की कळतं. टोकाशी आकडा, त्याच्यामागे निमुळता गळा, मग सरळ जाड दांडी. टाक्याचं माप दांडी ठरवते. आपण भीतीने लूप गळ्यातच आवळतो आणि तो सुईपेक्षा लहान होतो. प्रत्येक वेळी लूप दांडीवर सरकू द्या, मगच पुढचा वेढा. तरीही कडक येत असेल तर साखळी ६ मिलिमीटरच्या सुईने घाला आणि पुढचं काम ५ ने करा.

मोजताना गाठ मोजायची नाही, सुईवर असलेला लूपही मोजायचा नाही.

तपासा: २० साखळ्या घालून टेबलावर ठेवा. सगळ्या सारख्या आहेत का? प्रत्येकीत सुईचं टोक जोर न लावता शिरतं का? दोन्हीला ‘हो’ आलं की पुढे जा.

## ५. मुक्या खांबाचा चौकोन

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा. इथे दोन आठवडे द्या.

१६ साखळ्या घाला. सुईजवळची पहिली सोडून दुसऱ्या साखळीत सुई घाला. वेढा घेऊन ओढा, सुईवर दोन लूप येतील. पुन्हा वेढा, दोन्हींतून एकदम ओढा. हा एक मुका खांब. शेवटच्या साखळीपर्यंत असे १५ होतील. एक साखळी घालून काम उलटा आणि परत १५.

दुसऱ्या ओळीपासून सुई कुठे घालायची? काम थोडं पुढे झुकवून वरून बघा. कडेवर केसांच्या वेणीसारखे पेड दिसतील. वेणीचा एक पेड म्हणजे एक टाका. सुई त्या पेडाच्या दोन्ही धाग्यांखालून गेली पाहिजे. डोळ्यांना नीट दिसत नसेल तर एकच धागा उचलला जातो, कापडावर आडव्या वळकट्या उठतात आणि काम सैल लागतं. शंका आली तर नखाने चाचपा, दोन धाग्यांची जाडी बोटाला कळते.

आता सर्वांत सामान्य चूक. चौकोन हळूहळू त्रिकोण होतो. १५ चे १४, १४ चे १३, आणि लक्षात येतं तेव्हा दहाव्या ओळीवर असतो. टाका हरवतो तो नेहमी कडेला, मधे क्वचितच. ओळीचा शेवटचा टाका जरा आडवा, दबलेला असतो, तो टाका वाटतच नाही आणि आपण काम उलटतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीचा पहिला मुका खांब घातला की लगेच त्यात सेफ्टी पिन लावा. परत येताना शेवटचा टाका त्या पिनेतच घालायचा. पिनेच्या आधी थांबायचं नाही, पिनेच्या पुढे जायचं नाही.

आणि प्रत्येक ओळीनंतर मोजा, मोठ्याने. मनातल्या मनात मोजताना कुकरची शिट्टी झाली की आकडा जातो. मोठं काम असेल तर दर दहाव्या टाक्यावर वेगळ्या रंगाचा धागा अडकवा. वहीत ओळीचा क्रमांक लिहा. दारावरची बेल वाजली तर शक्यतो ओळ पूर्ण करून उठा. नसेल जमत तर सुईवरचा लूप बोटभर लांब ओढून त्यात पिन लावा आणि सुई काढून डब्यात ठेवा. सोफ्यावर ठेवलेल्या सुईवर कुणीतरी बसतंच.

चूक दिसली तर उसवा. ‘पुढे सांभाळून घेईन’ म्हणून एक टाका वाढवला की दोन चुका होतात. उसवताना सुई काढा, धागा हळू ओढा, चुकलेला टाका निघाला की थांबा. उसवलेली लोकर वाया जात नाही.

साधारण १७-१८ ओळींत चौकोन होतो.

तपासा: एक कोपरा उचलून समोरच्या कोपऱ्याला लावा, घडी रुमालासारखी तिरकी. कडा जुळल्या तर चौकोन खरा. असे चार करा. चौथा पहिल्याशेजारी ठेवला की तुमचा हात कुठे पोचला ते दिसेल. चहाच्या कपांखाली ठेवायला ते उपयोगी पडतात.

## ६. खांब

मुका खांब बसला की खांब दोन दिवसांत येतो. फरक इतकाच की सुई टाक्यात घालण्याआधी एक वेढा घ्यायचा. टाक्यात घालून ओढलं की सुईवर तीन लूप. वेढा, दोनातून ओढा. वेढा, उरलेल्या दोनातून ओढा.

गोंधळ होतो तो ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्यांचा. मुक्या खांबाला उलटताना एक साखळी घालतो आणि ती टाका म्हणून धरत नाही. खांबाला तीन साखळ्या घालतो आणि त्या तीन मिळून पहिला खांब धरतात. म्हणून खालच्या ओळीचा पहिला खांब सोडून दुसऱ्यात सुई घालायची, आणि परत येताना शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या सर्वांत वरच्या साखळीत घालायचा. पिन त्या वरच्या साखळीतच लावून ठेवा. १५ खांबांसाठी सुरुवातीला १७ साखळ्या घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत.

## ७. गोल

टोपी, आसन, टेबलावरचा रुमाल, सगळं इथून निघतं. मधे ओढून आवळायचं जादूचं वर्तुळ व्हिडिओत झकास दिसतं, पण आखडलेल्या बोटांना छळतं. त्याऐवजी ४ साखळ्या घालून पहिलीत स्लिप टाक्याने जोडा, म्हणजे सुई पहिल्या साखळीत घालून वेढा घ्या आणि तो साखळीतून आणि सुईवरच्या लूपमधून एकदमच ओढा. कडी तयार होते.

कडीत ३ साखळ्या आणि ११ खांब, म्हणजे एकूण १२. स्लिप टाक्याने जोडा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे २४. तिसरीत एकात एक, पुढच्यात दोन, असं करत ३६. चौथीत दोन खांबांत एकेक आणि तिसऱ्यात दोन, ४८. दर फेरीला १२ वाढतात, हे लक्षात ठेवलं की पुढचं स्वतःचं स्वतः काढता येतं.

गोल वाटीसारखा वळला तर वाढवणं कमी पडतंय. कडेला झालर आली तर जास्त होतंय. दर फेरीनंतर टेबलावर सपाट ठेवून हात फिरवा. टोपीसाठी मात्र तो वाटीसारखा वळायलाच हवा, म्हणून हव्या त्या रुंदीला वाढवणं थांबवायचं.

## ८. नमुना आणि व्हिडिओ

‘ताई, व्हिडिओ बघून केलं, दुप्पट लांब झालं,’ ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. कारण एकच. अमेरिकन आणि ब्रिटिश नावं वेगळी आहेत. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’, पण ब्रिटिश ‘डबल क्रोशे’. आपला खांब म्हणजे अमेरिकन ‘डबल’ आणि ब्रिटिश ‘ट्रेबल’. ओळखायची खूण अशी की नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द कुठेही आले तर तो अमेरिकन आहे, ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

चिन्हांचा तक्ता शिकून घ्या, त्याला भाषेची अडचण नाही. लांबट गोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी अक्षरावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब. तक्ता झेरॉक्सच्या दुकानात दुप्पट मोठा करून घ्या आणि झालेली ओळ रंगीत पेन्सिलीने खोडत जा.

डावखुऱ्यांनी डावखुऱ्यांसाठीचेच व्हिडिओ शोधावेत. नाहीच मिळाले तर शिकवणाऱ्याच्या शेजारी बसू नका, समोर बसा, आरशातल्यासारखं दिसतं.

## ९. टोकं, धुणं, भेट

लोकर कापताना वीतभर टोक सोडा. बोथट सुईत ओवून टाक्यांच्या आतून एका दिशेने, मग उलट, मग परत पहिल्या दिशेने न्या. नुसती गाठ मारून कापलेलं टोक दुसऱ्या धुण्यात बाहेर येतं.

धुवा गार पाण्यात, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगलं की ओल्या वजनाने लांबतं. ॲक्रिलिकला गरम इस्त्री लावायची नाही, लोकर वितळून कायमची लुळी पडते.

सावध: नातवंडांसाठी विणताना तान्ह्या बाळाच्या टोपीला, मोज्यांना मणी, बटणं, लांब गोंडे लावू नका. ती तोंडात जातात. मोठ्या जाळीचं विणकामही टाळा, इवली बोटं अडकतात.

## आता तो पत्र्याचा डबा

पाचवरून चार, चारवरून तीन, मग अडीच, अशी सुई उतरवत या. प्रत्येक मापावर पहिल्यासारखेच चार चौकोन करा आणि एका पायरीला निदान महिना द्या. डोळ्यांनी किंवा अंगठ्याने तक्रार केली तर त्याच मापावर राहा, त्या मापातही सुंदर कामं होतात.

दीडच्या सुईपर्यंत पोचलात की डबा उघडा. जुना दोरा आधी ताणून बघा, झटकन तुटला तर नवा आणा. सुईवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या फडक्याने पुसा. मांडीवर काळा किंवा गडद निळा कपडा पसरा, म्हणजे पांढऱ्या दोऱ्याची जाळी उठून दिसते. दिवसाउजेडी, दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. आधी आईच्या अर्धवट रुमालाचे खांब मोजा, ती कुठे थांबली होती ते पिनेने खूण करून ठेवा, आणि वेगळ्या दोऱ्यावर तिच्या दोन फेऱ्या विणून बघा. तुमचा टाका तिच्या टाक्याच्या मापाचा येऊ लागला की मूळ रुमालात सुई घाला.